दुपारचा खेळ

"तू जा गं. तुमच्या लोकांना अनुभव आहे."

काका हसत म्हणाले. हातात पुरी होती. सतरंजीवर बसलेली आमची मराठी मंडळी हसली. कुणी मोकळेपणी, कुणी मान खाली घालून. पण हसली सगळी.

फ्रँकफर्टजवळच्या एका जुन्या रोमन किल्ल्यावर उन्हाळ्यात जत्रा भरते. जर्मन माणसं रोमन शिपायांचे कपडे घालून ढाल-तलवारीचे खेळ करतात. त्या रविवारी दुपारी, दोन खेळांच्या मध्ये, निवेदकाने पुकारलं की शिक्षा झालेल्या कैद्यांची मिरवणूक निघणार आहे, कैदी व्हायला प्रेक्षकांतून कोण येतंय? मी प्राचीन रोमवरच पीएच.डी. करत होते. रोमन लोक माणसं सगळ्यांना बसवून, दाखवून का मारत, हा माझा विषय. म्हणून काकांना मी सुचले, असं म्हणता आलं असतं. पण ते 'तुमच्या लोकांना' म्हणाले.

काका नात्यातले नव्हेत, घरमालक; त्यांच्याच घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. सुरुवातीला काकू आमटी आणून द्यायच्या. मग एकदा त्यांना माझ्या टेबलावर बुद्धवंदनेचं पुस्तक दिसलं. त्यानंतर माझी ताटवाटी वेगळी झाली. फ्रँकफर्टमध्ये खोली मिळणं काय असतं, ते शोधणाऱ्यालाच माहीत. मी गिळलं.

त्या दिवशीही उठले. सवयीने.

एका शिपायाने माझ्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली. लॅटिनमध्ये 'चोर' लिहिलेली. दोरी टोचत नाही ना, असं बिचारा विचारत होता. मी रिंगणात उतरले. पोरांनी कागदाचे बोळे मारले. पोरांवर माझा राग नाही. त्यांना मी कोण, हे माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत होतं, ते सतरंजीवर होते. काका मोबाइलवर शूटिंग करत होते.

दोरी मानेला काचली आणि मला बाबांची मान दिसली.

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असायचा. हलगी आमच्या वस्तीने वाजवायची. त्या वर्षी बाबा म्हणाले, आता वाजवणार नाही. पोरांच्या कुस्त्या संपल्या होत्या, मोठ्या लागायच्या होत्या. मधल्या वेळात, भर दुपारी, बाबांना ओढत फडात आणलं. मारलं. पाटील गादीवर. पाहुणे खुर्च्यांवर. बाकीचं गाव जमिनीवर, आणि त्यातही कोण पुढे कोण मागे, ते ठरलेलं. काट्याच्या कुंपणाबाहेर आम्ही. लोक शेव खात बघत होते. मग बाबांच्या गळ्यात हलगी अडकवली. "वाजव," पाटील म्हणाले. बाबांनी वाजवली. मोठी कुस्ती लागली.

आईने माझे डोळे झाकले नाहीत. म्हणाली, "बघून ठेव, कोण कुठं बसलंय."

रोममध्येही हे दुपारीच चालायचं. सकाळी जनावरांची शिकार, दुपारनंतर ग्लॅडिएटरांच्या लढती, आणि मध्ये, जेवणाच्या वेळी, गुन्हेगारांना मारणं. पुढे उमराव, मागे जनता, सगळ्यात वर गरीब आणि गुलाम. सेमिनारमध्ये हे मी कितीदा सांगितलं होतं. कळलं मात्र पाटी गळ्यात पडल्यावर. ते मारणं रिंगणातल्या माणसासाठी नसतंच. बसलेल्यांसाठी असतं. आपण कितव्या ओळीत आहोत, हे ज्याला त्याला कळावं म्हणून. आणि शेवटच्या ओळीला त्याची सगळ्यात जास्त गरज असते. काका जर्मन साहेबापुढे 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', करत मान डोलावतात, मी पाहिलंय. त्यांनाही खाली कुणीतरी हवं होतं.

मी मिरवणूक अर्ध्यात सोडली. सतरंजीपाशी आले. पाटी काढून काकांसमोर, पुऱ्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

"अगं, गंमत केली," काका म्हणाले.

"माझ्या बाबांना फडात मारलं, तेव्हाही लोक गंमतच बघत होते, काका. तुम्ही कुठे बसलाय, ते मला आज दिसलं."

कुणी हसलं नाही. काकू डब्याचं झाकण लावत बसल्या. संध्याकाळी त्यांनी निरोप दिला की पाहुणे येणार आहेत, खोली रिकामी लागेल. मी किल्ली ठेवली आणि निघाले. पुढचे कित्येक आठवडे मैत्रिणीच्या सोफ्यावर काढले. हाल झाले. खोटं कशाला सांगू.

बाबा अजूनही जत्रेच्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. त्यांना मी हे काही सांगितलेलं नाही. त्यांना त्या फडात पुन्हा उभं करणं मला जमणार नाही.

मार खाणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. लोक वाचतात, हळहळतात, आपल्या कामाला लागतात. मी बसलेल्यांबद्दल लिहिणार आहे. रोममधल्या आणि आमच्या फडातल्याही. गादीवर कोण होतं, खुर्चीवर कोण, शेव कोण खात होतं. नावानिशी लिहिणार.

आईने बघून ठेवायला सांगितलं होतं. मी ठेवलंय.