पाठीवरचं पान

हंपी, बदामी, हळेबीड, सगळी जुनी देवळं मी हौसेनं पाहिली. पण आठवण म्हणून तिथला दगडाचा तुकडा पिशवीत टाकणारं कोणी दिसलं की माझं डोकंच फिरतं. हा राग आईकडून आलेला.

गुंदजवळच्या रानात तिच्या माहेरचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे एक चौथरा, झिजलेल्या दोन मूर्ती आणि भोवती देवाच्या नावानं राखलेली झाडी. तिथली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, अशी रीत. परतताना हद्दीच्या दगडापाशी आई आम्हा भावंडांना उभं करायची. "पाठ कर बघू हिकडं," म्हणायची आणि केसांत, कपड्यांवर अडकलेलं पान न् पान वेचून आत टाकायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "देव काय पानं मोजत बसलाय व्हय?" तिनं एक धपाटा घातला आणि वेचणं चालूच ठेवलं.

आई गेल्यावर यंदा थंडीत मी पहिल्यांदाच एकटी गेले. नमस्कार केला, फोटो काढले. निघताना दगडापाशी थांबून पदर, निऱ्या, सगळं झटकलं. रामनगरला घरी येऊन स्वेटर काढला, तर पाठीवर एक वाळकं पान चिकटलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पुन्हा गेले आणि ते पान झाडीत ठेवलं. परतताना हद्दीच्या दगडापाशी आले, आणि त्याच्याकडे पाठ करून जरा वेळ तशीच उभी राहिले.