नायट्रोजनचे तीन बाक

वानखेडे बाई वर्गात आल्या की खडूच्या आधी बाकांना हात घालायच्या. लांबच्या बाकावर एकटी बसवलेली मुलगी म्हणजे सोडियमचा इलेक्ट्रॉन. दाराशीच बसलेली, हाक मारली की बाहेर. अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते, म्हणजेच आयनीभवन ऊर्जा, हे त्या असं शिकवायच्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या क्लासमध्ये त्या नागपूरहून आल्या होत्या. त्यांच्या बोलण्याची आम्ही नक्कल करायचो, आणि सगळ्यांत हुबेहूब मी करायचे.

“आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडं गेलं की वाढते, हे तर पोपटबी सांगते,” त्या म्हणायच्या. “घाई काऊन करून राहिली गं? कुठं अडखळते ते पाह्य ना!”

मी पोपटच होते. सराव परीक्षेत ‘नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांत कोणाची आयनीभवन ऊर्जा जास्त?’ असा प्रश्न आला. ऑक्सिजन उजवीकडे, म्हणून मी ऑक्सिजन लिहिलं. बाईंनी चूक दिली आणि माझा पहिला नंबर गेला. क्लासच्या छापील उत्तरसूचीत मात्र ऑक्सिजनच होतं. मी ती घेऊन तडक संचालकांकडे गेले.

संचालक वर्गात आले. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी तीन बाक ओढले, प्रत्येकावर एकेक मुलगी बसवली. “हा नायट्रोजन. सगळ्या ऐसपैस. आता चौथी ये.” चौथी मी. मला एकीशेजारी दाटीवाटीनं बसावं लागलं. “हा ऑक्सिजन. आता सांगा, आधी कोण उठंल?”

तिचं कोपर माझ्या बरगडीत रुतत होतं आणि मला लख्ख कळलं. उठणार मीच. म्हणजे ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन काढणं सोपं, नायट्रोजनचा अवघड. बाई बरोबर होत्या.

“पटलं का तुला?” संचालकांनी विचारलं. ते कॉमर्सवाले, त्यांचा निर्णय माझ्या उत्तरावर ठरणार होता.

“नाही सर,” मी म्हणाले. “सूचीत ऑक्सिजनच आहे.”

“मॅडम, छापलेलं चूक आणि आपण तेवढ्या बरोबर, असं म्हणायचंय का आपल्याला?” वर्ग खो खो हसला. मीही हसले. आजही ते हसणं आठवलं की मान वर करवत नाही. बाईंना आठवीच्या वर्गावर टाकलं, आणि दिवाळीनंतर त्या दिसल्या नाहीत. माझा पहिला नंबर मला परत मिळाला.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं हाच प्रश्न विचारला. मी नकळत जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या ओढल्या. चार ठिकाणी विचारून बाईंचा पत्ता मिळवला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या नव्या इमारतींत त्या राहतात, आता पार थकल्यात. घरी जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. मला तेव्हाच कळलं होतं, हेसुद्धा.

“मले माहीत आहे ना,” त्या म्हणाल्या. “बाकावर बसली तवाच तुझ्या तोंडावर दिसलं होतं, समजलं म्हणून.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत, बाई?”

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

“वाटलं, उद्या सांगंल पोरगी. म्हणून दिवाळीपर्यंत थांबली मी.”