आडवी टाकलेली फांदी

बाबा एकटे राहू शकतील की नाही हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण भाऊ बंगळुरात आणि मी अंधेरीत. आई गेल्यावर मीच त्यांना मुलुंडहून माझ्याकडे घेऊन आले होते. थोडे दिवस म्हणून आणलं, त्याला दीड वर्ष झालं. गेल्या हिवाळ्यात मुलुंडची बंद खोली भाड्याने मागायला एक कुटुंब आलं आणि त्यांना लवकर उत्तर हवं होतं. मी बाबांना सहज सांगितलं, तर ते जेवता जेवता थांबून म्हणाले, "भाड्यान कित्याक देतंस? मी जातंय ना थंय रवाक."

म्हणजे हे तिथे जाऊन राहणार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकटे. बाबा एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलतात, पण मनातलं बोलायचं झालं की मालवणीत शिरतात, त्यामुळे हे गमतीने चाललेलं नाही एवढं मला कळलं.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू बघ ना. तुझ्यासमोर असतात ते. फिट असतील तर जाऊ दे, नसतील तर नको. सिंपल आहे." बंगळुरातून सगळंच सिंपल दिसतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पुरावा समोर ठेवला की निष्कर्ष आपोआप निघतो असं मुलांना छातीठोकपणे सांगते. इथे पुरावे ढिगाने होते आणि निष्कर्षाचा पत्ता नव्हता. बाबा कोथिंबीर आणायला जायचे आणि पाव घेऊन यायचे. पण माझा नवराही तेच करतो, त्याला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. बाबा दोनदा शेजारच्या बी विंगमध्ये जाऊन आमच्याच नंबरच्या फ्लॅटची बेल वाजवून आले. पण आमच्या कॉम्प्लेक्समधल्या चारही इमारती एकाच रंगाच्या, लॉबी एकसारख्या, लॉबीतलं प्लास्टिकचं झाडसुद्धा तेच. थकून आले की मीही एखाद्या वेळी चुकीच्या लिफ्टसमोर उभी राहते. उलट दर रविवारी पहाटे उठून, दोन बस बदलून ते मुलुंडच्या त्यांच्या जुन्या मंडळींबरोबर चालायला जायचे आणि बिनचूक परत यायचे. मग काय धरायचं?

त्यात वॉचमनची तक्रार आली. "मॅडम, बाबूजी रोज बी विंग के सामने पेड़ की डाली डाल देते हैं. कचरा होता है." मी खाली जाऊन बघितलं. बी विंगच्या पायरीवर गुलमोहराची एक फांदी नीट आडवी ठेवलेली. पडलेली नव्हे, ठेवलेली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "असू दे गो," आणि पेपर वाचायला लागले. मी मात्र घाबरले. विसरणं वेगळं आणि इमारतींसमोर फांद्या ठेवत फिरणं वेगळं.

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, बाबांनी सगळ्यांची उत्तरं दिली, फक्त वार चुकला. शाळेला नाताळची सुट्टी होती, वार मलाही आठवत नव्हता. "या वयात थोडं असं होतं," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, थोडं म्हणजे किती? ते नुसते हसले. असली उत्तरं माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिली असती तर मी शून्य दिलं असतं.

मग ठरवलं, स्वतःच बघायचं. रविवारी मी पण येते म्हणाले, मला व्यायाम हवा. बाबांनी माझ्या कमरेकडे बघितलं आणि म्हणाले, "हवोच."

पहिल्या रविवारी मंडळी बोरिवलीला जमली. सात-आठ जण, सगळे निवृत्त, सगळ्यांकडे टोप्या आणि कोणा ना कोणाच्या तक्रारी. पुढे चालायच्या एक बाई, पूर्वी हॉस्पिटलात मेट्रन होत्या. आवाज अजून वॉर्डातलाच. त्यांच्या मागे बाबा आणि बाकीचे मग जमेल तसे. कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत लोक नेहमीच्या रस्त्याने येतात, आम्ही लेणी ओलांडून वरच्या कातळावर गेलो. खडकातच खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, आणि वर गेल्यावर एकदम मोकळं. खाली जंगल, जंगलात तलाव, आणि त्याच्या पलीकडे धुक्यात सगळीकडे इमारती. माझ्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या, पण ते कोणाला सांगणार? मी तपासणीला आले होते.

उतरताना एके ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटले. मेट्रनबाई डावीकडे वळल्या. बाबा थांबले, सागाची एक वाळकी फांदी उचलली आणि उजवीकडच्या वाटेवर आडवी टाकली. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. मी मागच्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "तेवढं पण माहीत नाही तुला? फांदी आडवी असली की ती वाट आपली नाही. मागून येणारा चुकू नये म्हणून. ते काम तुझ्या बाबांचं, पहिल्यापासून."

बी विंग आपली नाही. हे मला तिथे, त्या फाट्यावर कळलं आणि मी खाली बसले. लोकांना वाटलं दमले. एवढा साधा अर्थ होता त्याचा! पण अर्थ कळल्यावर मी जास्तच गोंधळले. ज्या माणसाला आपली इमारत ओळखू येत नाही म्हणून खूण करावी लागते तो एकटा राहायला लायक नाही. आणि आपल्याला इमारत ओळखू येत नाही हे ओळखून जो न बोलता उपाय करतो, त्याचं डोकं तर उत्तम चाललंय. एकाच फांदीला पूर्ण गुण द्यायचे की शून्य?

पुढच्या रविवारी भांडुपच्या खाडीकडे गेलो. इथे ना झाड ना कातळ. मिठागरांचे चौकोन, मधून मातीचे अरुंद बांध, कडेला खारफुटी, आणि पायाखाली चिखलाचा तो ओळखीचा वास. सगळे बांध सारखे, सगळे चौकोन सारखे. म्हणजे आमच्या कॉम्प्लेक्सचाच नमुना. मी मनात म्हटलं, आज खरा पेपर. पण बाबा चुकले नाहीत. जिथे बांधाला फाटा फुटायचा तिथे खारफुटीची काटकी आडवी पडायची, आणि त्या दिवशी मुद्दाम मागे राहून मी प्रत्येक काटकी तपासली. सगळ्या बरोबर. चुकले ती मीच, पाणपक्षी बघण्याच्या नादात भलत्याच बांधावर गेले आणि परतताना घोट्यापर्यंत रुतले. बाबांनी मला हात देऊन बाहेर ओढलं आणि कारखान्यातल्या त्यांच्या फोरमनची एक गोष्ट सांगितली. छान होती. दहा मिनिटांनी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मी दोन्ही वेळा हसले.

त्या रात्री भावाने विचारलं, "काय वाटतं?" मी म्हटलं, "डोंबल वाटतं." त्याने भाडेकरू सोमवारपर्यंतच थांबतील म्हणून आठवण करून दिली. म्हणजे माझ्या हातात एकच रविवार उरला होता.

तो रविवार मुलुंडच्या डोंगरावर गेला. बाबांचा हा घरचा डोंगर. आम्ही लहान असताना करवंदांसाठी ते आम्हाला इथेच आणायचे. थंडीत कारवीच्या काठ्या उभ्या होत्या आणि सागाच्या पाचोळ्याचा इतका आवाज होत होता की बोलणं ऐकू येईना. इथे तर हे डोळे मिटून चालतील, मी मनात म्हटलं, आणि बरंही वाटलं. तिसऱ्या फाट्यावर बाबांनी फांदी टाकली आणि पुढच्या दोघांच्या मागून गेले. मी पाचोळ्यातून पाय ओढत येत होते. मेट्रनबाई बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहिल्या होत्या. बाबा वळणाआड दिसेनासे झाल्यावर त्यांनी आमच्याच वाटेवर पडलेली ती फांदी उचलली आणि दुसऱ्या वाटेवर ठेवली.

मी त्यांना गाठलंच. "चुकले ना ते?"

"चुकले. मग?"

"नेहमी चुकतात?"

"एखाद्या वेळी."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"कशाला? फांदी हलवायला किती वेळ लागतो गं?" असं म्हणून त्या पुढे चालायला लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी महत्त्वाची गोष्ट सगळ्यांना माहीत आणि मला, पोटच्या पोरीला, कोणी सांगायला तयार नाही! पण माझं उत्तर मिळालं होतं. आपल्या डोंगरावर जो माणूस चुकतो तो खोलीत एकटा राहू शकत नाही. संपलं. खोली भाड्याने द्यायची. एवढं स्पष्ट झाल्यावर हलकं वाटायला हवं होतं, ते काही वाटत नव्हतं.

चालणं संपलं, मंडळी पांगली. खोलीच्या खिडक्या उघडून जरा हवा खेळवू म्हणून आम्ही दोघं कॉलनीकडे निघालो. बाबा पुढे, मी मागे. माझी नजर त्यांच्यावरच. चाळीस वर्षं ज्या गल्लीत राहिले तिच्या तोंडाशी ते आले आणि वळलेच नाहीत. तसेच सरळ पुढे चालत राहिले, अगदी निवांत. मी हाक मारणार एवढ्यात दूधकेंद्रासमोर उभ्या असलेल्या एक बाई ओरडल्या, "ओ काका! खंय चल्लात? गल्ली पाठी रवली!"

बाबा थांबले. मागे वळून बघितलं आणि खो खो हसले. "अरे, रवली खरीच!" त्या बाईही हसल्या. मग हातात दुधाची पिशवी घेऊन त्या आमच्याबरोबर दारापर्यंत आल्या, वाटेत सुनेच्या बाळंतपणाचं सांगत. बाबा त्यांना आमच्या आजीचा कसला तरी काढा सांगत होते, तो मात्र सगळा पाठ.

खोलीत गेल्यावर त्यांनी खिडकी उघडली, पलंगावर बसले आणि म्हणाले, "पास झालंय काय गो मी?"

"कशात?" मी म्हटलं.

"तीन रविवार माझो पेपर काढतंस ना?"

पकडले गेल्यावर माणूस चिडतो, तशी मी चिडले. "नापास. स्वतःची गल्ली विसरलात तुम्ही."

"विसरतंय. माका ठावक आसा." मग ते मालवणी सोडून मला समजेल असं, एकेक शब्द सुटा करून बोलले. "म्हणूनच इथे यायचंय. तुझ्याकडे चुकलो तर वॉचमन तुला तक्रार करतो. इथे चुकलो तर कोणीतरी हाक मारतं. आत्ता थोडं शिल्लक आहे डोक्यात, तोवर येऊ दे. सगळं गेल्यावर आणलंस तर मला इथलं तरी कोण ओळखीचं वाटणार?"

आपण इतके दिवस प्रश्नच उलटा धरून बसलो होतो, हे त्या पलंगाच्या कडेवर बसून कळलं. बरोबर असतील तर जाऊ दे, चुकत असतील तर नको. भावाचं ते सिंपल मीही तसंच उचललं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन आला. मी बाहेर गॅलरीत गेले.

"काय ठरलं? फिट आहेत का?"

"नाहीत."

"मग भाडेकरूंना हो सांगू?"

"नको. नाही सांग. बाबा इथे राहणार."

"ताई, तू काय बोलतेस? आत्ताच म्हणालीस ना, नाहीत म्हणून?"

अंधेरीत आमच्याकडे चुकले की बाबा मान खाली घालून सॉरी म्हणायचे, मलाच काय, लिफ्टमनलासुद्धा. दीड वर्ष ते सॉरी मी ऐकत होते आणि किती समजूतदार आहेत म्हणून सगळ्यांना सांगत होते. आज गल्ली चुकल्यावर ते हसले होते. हे फोनवर कसं सांगायचं ते मला सुचेना. तो हॅलो हॅलो करत राहिला आणि मी तिथेच गॅलरीत रडत उभी राहिले.