ऐकाताईचा इंग्रजीचा पेपर

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या केसांची लांबी ऐकाताई ठरवते. पार्लरमध्ये शिरून तुम्ही "फक्त टोकं छाटा" म्हणालात, की ती केसांतून एकदा कंगवा फिरवते, आरशात तुमच्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "माझं ऐका." त्यापुढे तुमच्या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. या दोन शब्दांवरूनच तिचं नाव पडलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचून तिच्याकडे कोणी जात नाही.

गंमत म्हणजे ती सहसा चुकत नाही.

"गिऱ्हाईक तोंडाने सांगतं ते त्याला नकोच असतं, बाई," तिने मला एकदा समजावलं होतं. "'थोडेसेच काप' म्हणणारीला सगळेच कापून हवे असतात, पण घरच्यांची भीती असते. आणि 'एकदम बारीक करून टाक' म्हणणारी घरून भांडून आलेली असते. तिचे बोटभरच कापायचे. आठवड्याने येऊन आभार मानते."

बोलण्याच्या मागचं ऐकायचं, हे तिच्या धंद्याचं मर्म. घराच्या पुढच्या खोलीत तिने पार्लर थाटलेलं आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत बसलेली सासू. नवरा शाळेची बस चालवतो. मुलांचा गोंगाट ऐकून ऐकून घरी आल्यावर तो कोणाशीच बोलत नाही, आणि त्यामुळे त्याचा संसार सुखाचा चालला आहे असं त्याची आईच म्हणते.

तर या ऐकाताईच्या पायांच्या शिरा फुगल्या. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय असे व्हायचे की चपलेत जात नसत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उभं राहणं निम्म्यावर आणा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर धंदा विसरा. ती घरी आली आणि बसून केस कापून बघितले. सासूचेच कापले. सासू आठवडाभर डोक्याला रुमाल बांधून होती.

त्याच सुमाराला एक वाट दिसली. चार चौक पलीकडे केशकर्तन शिकवणारी एक संस्था आहे. तिथे शिक्षिकेची जागा रिकामी झाली होती. तासभर उभं राहून हाताने दाखवायचं, बाकीचा वेळ खुर्चीत बसून मुलींचं काम तपासायचं. संस्थेच्या मुख्याध्यापिका ऐकाताईच्याच गिऱ्हाईक. त्यांना तीच हवी होती. पण नियमाप्रमाणे शिक्षिका शालान्त परीक्षा पास असायला हवी, आणि ऐकाताईचं इंग्रजी राहिलेलं होतं. बाकीचे विषय तिने मुलगी असतानाच काढले होते. इंग्रजी पुढच्या वेळेला काढू म्हणता म्हणता लग्न झालं आणि ते राहूनच गेलं. आता या वयात बाहेरून बसली, तर पुन्हा नापास झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पुढच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

मी शाळेत जन्मभर इंग्रजीच शिकवलं, हे तिला ठाऊक होतं. "बाई, मी कुठे चुकते ते बघा," ती म्हणाली. "फक्त इथे येऊन बघा. मला तुमच्याकडे यायला वेळ नाही." मी दुपारी जाऊ लागले.

शब्दांची तर मला काळजीच करावी लागली नाही. बाकावर ताटकळत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात ती सरळ शब्दांचं पान द्यायची. "नुसत्या बसलाच आहात ना? मग विचारा." बेसिनला मान टाकून पडलेलीचीही सुटका नव्हती.

"ताई, पाणी गरम आहे," बँकेतली कारकून एकदा विव्हळली.

"इंग्रजीत सांगा. हॉट, हॉटर..."

"हॉटेस्ट! अहो, भाजतंय!"

"बरोबर," असं म्हणून ऐकाताईने मग नळ फिरवला.

व्याकरणही तिने असंच घरातल्या माणसांवर घोटलं. कात्री चालवता चालवता ती सासूकडे बोट करून म्हणाली, "शी हॅज बीन सिटिंग हिअर सिन्स मॉर्निंग."

"काय बोललीस माझ्याबद्दल?"

"तुम्ही सकाळपासून इथे बसलाय म्हटलं, आई."

"मग ते सरळ म्हण की. मी काय नाही म्हणते? तुझ्या घरात बसायला दुसरी जागा आहे कुठे?"

नवऱ्यावर तिने नकारार्थी वाक्यं बसवली. ही डझ नॉट स्पीक. ही डिड नॉट स्पीक. ही विल नॉट स्पीक. तो जेवत असायचा. त्याने यातलं एकही वाक्य खोटं पाडलं नाही.

अडलं ते उताऱ्यावर. उतारा वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा, इथे ती धाडकन आपटायची. वाचायची नीट, समजायचं नीट, आणि उत्तर मात्र भलतंच. पहिल्या दिवशी मी दिलेला उतारा एका प्रवाशाचा होता. एका म्हातारीच्या पिशव्या उचलून द्यायला तो थांबतो आणि त्याची गाडी चुकते. प्रश्न होता, गाडी का चुकली? ऐकाताईने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, कारण तो घरून उशिरा निघाला.

"अगं, हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये. पण माझं ऐका, बाई. वेळेवर निघालेल्या माणसाला कोणाच्याही पिशव्या उचलायला वेळ असतो. म्हातारीचं नाव पुढे करतोय तो."

दुसऱ्या उताऱ्यातला माळी संध्याकाळी झाडांना पाणी घालत होता. कारण उताऱ्यातच दिलं होतं, दुपारच्या उन्हात पाणी वाळून जातं. ऐकाताईचं उत्तर, सकाळी त्याला घरचं आवरावं लागतं, बायको आजारी असणार.

"बायको आहे हे तरी कुठे म्हटलंय?"

"नाही ना? म्हणजे बघा. माणूस बायकोबद्दल एक अक्षर बोलत नाही, तेव्हा काहीतरी असतंच."

कोपऱ्यातून सासू म्हणाली, "माझा मुलगा कोणाबद्दलच बोलत नाही. त्याचं काय काढशील?"

मी सांगून थकले. उताऱ्याबाहेर जाऊ नकोस. तपासणाऱ्याला तुझा अंदाज नकोय. लेखकाने दिलंय तेवढंच दे. ती मान डोलवायची आणि पुढच्या उताऱ्यात पुन्हा कोणाचं तरी लग्न मोडून ठेवायची. तिचीही चूक नव्हती. वीस-बावीस वर्षं शब्दांच्या मागचं ओळखून पोट भरलेली बाई, तिला एकदम शब्दांपाशीच थांब म्हटलं तर थांबणार कशी? परीक्षा जवळ येत चालली. संध्याकाळी ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहू लागली. गिऱ्हाइकाला वाटे, ती लांबून कापलेलं न्याहाळतेय.

एका दुपारी मी बाकावर तिचे पेपर तपासत बसले होते. कॉलेजातली एक मुलगी आली आणि तिने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. हुबेहूब असंच हवं. ऐकाताईचं तोंड पडलं. फोटो घेऊन येणारं गिऱ्हाईक तिला मुळीच आवडत नाही. पण धंद्याचा तिचा एक नियम आहे. फोटो आला की तोंड बंद. मोबाइल आरशाच्या फळीवर टेकवून ठेवायचा, कापण्याआधी दर वेळी एकदा फोटोकडे बघायचं आणि फोटोत आहे तेवढंच कापायचं. शोभलं नाही तर जबाबदारी फोटोची.

"ताई, तुम्हाला काय वाटतं, मला शोभेल ना?" मुलीने विचारलं.

"मला काय वाटायचंय? फोटोत कानाखाली बोटभर आहे, बोटभर ठेवते. कपाळावर बट आहे, बट सोडते. फोटोत नाही ते करायचं नाही आणि..."

कात्री थांबली. ती तशीच माझ्याकडे वळली.

"बाई! हा फोटोच आहे!"

"कुठला फोटो?"

"उतारा हो! उतारा म्हणजे फोटोवालं गिऱ्हाईक! मी उगाच त्याच्या तोंडाकडे बघत बसलेय!"

"ताई, माझं दुसऱ्या बाजूचं..." मुलगी एप्रनच्या आतून म्हणाली. तिचे एका बाजूचे केस कानापाशी होते आणि दुसऱ्या बाजूचे खांद्यावर.

"थांब गं जरा. बाई, द्या बघू एक उतारा!"

त्या बिचाऱ्या मुलीला अर्ध्या डोक्यानिशी एक अख्खा उतारा होईपर्यंत बसावं लागलं. पाच प्रश्न होते. ऐकाताईने पान आरशाला क्लिपने अडकवलं, प्रत्येक प्रश्नाला मान वर करून पानाकडे पाहिलं, सापडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मगच लिहिलं. पाचही बरोबर आले. शेवटच्या उत्तरापाशी तिचे ओठ हलले, पण तिने ते दातांखाली धरले.

"लग्न होऊन आल्यापासून," सासू म्हणाली, "हिला गप्प बसलेली आज पाहिली."

पुढे आरशावर रोज एक नवा उतारा लटकू लागला. गिऱ्हाइकं आपल्या तोंडाआधी उताराच वाचायची. मनातलं मत दाबताना तिला त्रास व्हायचा, हे दिसायचं. कधी कधी उत्तर लिहून झाल्यावर ती पेन खाली ठेवायची आणि खोलीला उद्देशून म्हणायची, "लिहिलंय बरोबर, पण माणूस लबाड आहे."

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याने मुलांना शाळेत सोडलं आणि रिकामी बस घेऊन तिला केंद्रावर नेलं. मीही बरोबर गेले. लहान मुलांच्या त्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन ती सगळी वाट शब्द पुटपुटत होती. तो रस्त्याकडे बघत होता. ती उतरत असताना तो म्हणाला, "फोटो." एवढंच. मी त्याचं बोलणं फार ऐकलेलं नाही, पण जे ऐकलं त्यात इतकं कामाचं एकही नाही.

घंटा झाली. मुलं बाहेर पडली, सगळ्यात शेवटी ऐकाताई. बोटांना शाई, चेहरा उजळलेला.

"बाई, उतारा अख्खा आला! एका घड्याळजीचा होता. मुलगा बापाचं दुकान बंद करून दूरच्या गावी निघून जातो. बोट ठेवून ठेवून लिहिलं, एक शब्द माझा नाही. आणि शेवटचा प्रश्न काय असावा? मुलाने केलं ते योग्य की अयोग्य? तुमचं मत लिहा! बाई, त्यांनी माझं मत विचारलं!"

"तीन-चार ओळी लिहायच्या असतात."

"पुरवणी घेतली मी."

मी घाईने विचारलं, "आणि पत्र? शेवटच्या पानावरचं पत्रलेखन?"

"कुठलं पत्र?"

महिनाभर दाबून धरलेलं सगळं तिने त्या घड्याळजीच्या दारात ओतलं होतं, आणि पान उलटायचंच राहिलं होतं. परतताना ती सीटवर सरळ बसून होती. मध्येच म्हणाली, "तरी माझं मत बरोबरच होतं." आणि रडायला लागली. नवऱ्याने बस कडेला घेतली, पाण्याची बाटली मागे केली आणि ती सावरेपर्यंत इंजिन बंद ठेवलं.

निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट गेले. ती नेहमीसारखीच कापत होती, पण "माझं ऐका" फारसं ऐकू येईना. टोकं छाटा म्हटलं की टोकंच छाटायची. बँकेतली कारकून मला हळूच म्हणाली, "बाई, माझे केस इतके वाईट कधीच दिसले नव्हते. तिला काहीतरी सांगा ना." पाय आता दुपारीच सुजत होते. संस्थेतून निरोप आला की दुसरी एक बाई जागेसाठी येऊन भेटून गेली.

निकाल नवऱ्याने मोबाइलवर पाहिला. बस दारात उभी करून तो आत आला. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, बाकावर दोघी होत्या, मी बेसिनपाशी. त्याने मोबाइल आरशाच्या फळीवर टेकवून ठेवला आणि बाजूला सरकला. ऐकाताईने कात्री खाली ठेवली, पुढे वाकली आणि स्वतःच्या गुणांवर बोट ठेवलं. पास. काठावर, पण पास. पत्राने खाल्लं ते उताऱ्याने भरून काढलं होतं.

"आई, पास झाले!"

"ऐकलं. ओरडू नकोस, त्या बाईच्या कानात केस गेले," सासू म्हणाली, आणि घडी घातलेलाच टॉवेल उलगडून तिने त्याची पुन्हा घडी घातली. खोलीतल्या बायका एकदमच बोलू लागल्या. दारातून बाहेर पडताना नवऱ्याने बसचा हॉर्न उगाचच दोनदा वाजवला.

संस्थेत ती रुजू झाली. पार्लर आता संध्याकाळी उघडतं, आणि तेही दोन तासच. पहिल्या दिवशी ती परतली तेव्हा मी तिथेच बाकावर होते. सासूने विचारलं, "काय म्हणतात पाय?"

"पाय छान आहेत," ऐकाताई चपला काढत म्हणाली. "पण दिवसभर बसून बसून कंबर धरली हो, आई."

"मग मध्ये मध्ये उभी राहत जा," सासू म्हणाली आणि टॉवेलांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला.