आईनं पुरलेलं गवारीचं मडकं

आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या बायकांना दोन गोष्टींचा फार तोरा. एक, कोसभर लांबून डोक्यावर पाणी आणल्याचा आणि दुसरा, वर्षभर न बिघडणाऱ्या वाळवणाचा. पहिला तोरा कुणी मागून घेतलेला नव्हता. दुसरा मात्र कमावलेला होता. या वैशाखात वाळवलेली गवार पुढच्या वैशाखात काढली तरी कडकन मोडायची. आमच्याकडे वाळवणाचं मडकं घराच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरत. तळाला चाळलेली राख, तिच्यावर कडुलिंबाचा पाला, मग गवार, वर पुन्हा पाला, आणि तोंडावर झाकणी ठेवून शेणामातीनं लिंपून टाकायचं. पुरलेल्या मडक्याला ना ऊन लागत, ना उंदीर.

आणि एक रीत होती. ज्या बाईनं तोंड लिंपलं, तिनंच ते उघडायचं. दुसरा हात लागला तर बरकत जाते म्हणत. एका घरात चार जावा असल्या की कुणी कुणाच्या मडक्यात हात घालू नये, एवढंच त्यामागचं कारण असणार. पण रीत म्हटल्यावर कारण विचारायची आमची टाप नव्हती.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. माझ्या नवऱ्याला पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही पिंपळे गुरवला, पवनेच्या काठाजवळ, दोन खोल्यांत राहायला आलो. आम्ही म्हणजे नवरा, मी आणि सासू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्याही आमच्याच भागातल्या. त्या कधी रागवायच्या नाहीत आणि कधी कौतुकही करायच्या नाहीत. त्यांच्या मनात काय चाललंय हे ओळखण्यात माझं अर्धं तारुण्य गेलं.

पहिल्याच वैशाखात माझी आई पंधरा दिवस राहायला आली. भर वैशाखात नदीला पाणी बघून ती काठावर नुसती बसून राहिली. मग मळ्यातून पाटीभर कोवळी गवार घेऊन आली, ती अंगणात जुन्या धोतरावर चार दिवस वाळवली, आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पहारीनं खड्डा खणायला लागली.

घरमालकीण बाई तिथल्याच, म्हाताऱ्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. पहारीचा आवाज ऐकून त्या दारात आल्या. म्हणाल्या, "हितली भुई वल धरती, बाई. मडकं पुरू नगा. फळीवर ठिवा, आन् पावसात उघडीप मिळाली की काढून ऊन दावा."

"आमच्याकडं पुरत्यात, मावशी," आई म्हणाली. मावशी गेल्यावर माझ्याकडं बघून हसली. "नदीकाठच्या बायकांना रोज ताजी भाजी. त्यास्नी वाळवणातलं काय कळतंय?"

मीही हसले. आत्याबाईंनीसुद्धा मान डोलावली, "इनबाईंचं बरोबर हाय." आम्ही तिघी माणातल्या, आणि शहाणपण आमच्या नुसतं उतू चाललेलं. आईनं तोंड लिंपलं, हात धुतले. "गौरीला येते," जाताना म्हणाली. "माझ्या हातानं उघडून भाजी करून घालते."

आषाढात कोपरा फाडलेलं कार्ड आलं. दोन दिवसांच्या तापात आई गेली होती. आम्ही गावी पोचलो तेव्हा राख सावडूनही झाली होती. तिचं तोंड मला दिसलं नाही. तेरावा उरकून परत आले आणि स्वयंपाकघरात शिरताच कोपऱ्यात बघितलं. आईच्या हातचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. लिंपलेल्या मातीवर तिची पाच बोटं उमटलेली होती. शेवटचा हात फिरवताना दाबली असतील. मी त्यांच्यावर माझी बोटं ठेवून बघितली. तिची आखूड होती.

श्रावण लागला आणि वास यायला लागला. आधी मला वाटलं, ओल्या कपड्यांचा असेल. पण चुलीजवळ कपडे नव्हते. मावशींनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. माणातली भुई पाणी पिऊन टाकते, ही भुई वर देत होती. सारवलेली जमीन दिवस दिवस वाळायची नाही, पाय ठेवला की गार आणि चिकट. आणि त्या जमिनीत आईचं मडकं गळ्यापर्यंत.

मी नवऱ्याला सांगितलं. तो सायकलवरून भिजून आलेला, डोकं पुसत म्हणाला, "आईला विचार." म्हटलं, "तुम्हीच विचारा ना." तर म्हणाला, "बायकांच्या मडक्यात मला कशाला कोंबतेस?" पुरुषांना बरं असतं, त्यांना भूक लागली की पान वाढलेलं मिळतं.

मग मी आत्याबाईंसमोर भाकरी थापत विषय काढला. "आत्याबाई, भुई लई ओली झालीय औंदा."

"पाऊस हाय," त्या म्हणाल्या.

विषय तिथंच संपला. मी रोज मडक्याच्या गळ्याभोवती चुलीतली कोरडी राख पसरायची. संध्याकाळपर्यंत तिचा चिखल व्हायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्या हातात तेवढीही काडी नव्हती. मावशी एकदा आत डोकावून म्हणाल्या, "आता तरी वर काढ गं पोरी." मी म्हणाले, "उघडणारी गेली, मावशी." त्या चुकचुकल्या आणि गेल्या.

आत्याबाईंचा मला भयंकर राग येऊ लागला. एक शब्द बोलल्या असत्या, 'काढ' म्हणाल्या असत्या, तर मी त्याच क्षणी झाकणी उचलली असती. पण त्या जपमाळ घेऊन बसायच्या, नाक मिटून घेतल्यासारख्या. त्यांना आपली रीत प्यारी, माझ्या आईचं काही का होईना, असं मी मनात हजारदा बोलले.

एका दुपारी त्या नदीवर गेल्या तेव्हा मी उलथनं घेऊन मडक्यापाशी बसले. पातं मातीच्या कडेला लावलं. जरा जोर केला असता तर निघालं असतं. पण तिथं आईचा अंगठा होता. फोडायचं तर तो आधी फुटणार. मी उलथनं बाजूला ठेवलं आणि आत्याबाईंच्या भीतीनं ठेवलं असं स्वतःला सांगितलं. वास तसाच येत राहिला. आत सडतंय हे कळत होतं आणि मी बाहेर बसून राख बदलत होते. इतकी हतबल मी आई गेल्याचं कार्ड वाचतानाही झाले नव्हते.

भाद्रपदात गौरी आल्या. सकाळी आत्याबाई आंघोळ करून कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "उघड," म्हणाल्या.

"मी?"

"तुझ्या आईचं हाय. तू न्हाई तर कोन उघडनार?"

मी डोळे मिटून उलथनं घातलं. माती ओली होती, फुटलीसुद्धा नाही, नुसती गोळा होऊन निघाली. वरचा पाला काळा पडला होता. त्याखाली पांढरी-हिरवी बुरशी आणि त्याखाली चिखल. गवार म्हणून ओळखावी असं काही नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकले. आत्याबाई खाली बसल्या, बाही मागं सारली आणि त्या घाणीत कोपरापर्यंत हात घातला. तळापर्यंत चाचपत राहिल्या.

"एखादी तरी शेंग ऱ्हायली असंल," म्हणाल्या. राहिली नव्हती.

त्यांनी हात बाहेर काढला. मग म्हणाल्या, "मला श्रावणापास्नं वास येतोय."

"मग बोलला का नाही?" माझा आवाज चढला. सासूवर चढलेला तो माझा पहिला आवाज.

"मी सासू. उघड म्हनले असते तर तुला वाटलं असतं, आई मेली न्हाई तवर हिनं तिच्या मडक्यात हात घातला. तू इचारशील म्हून वाट बघत बसले."

महिना-सव्वा महिना आम्ही दोघी एकाच चुलीपाशी बसून एकच वास घेत होतो, आणि माझा राग सगळा फुकट गेला होता. तो काढायला आता कुणी उरलं नव्हतं.

मी तांब्यातनं पाणी घातलं, त्यांनी हात धुतले. "फुडल्या वैशाखात आपन करू," त्या म्हणाल्या. "फळीवर ठिवू, मावशी सांगत्यात तसं. इनबाईंची गवार वाळूनबी हिरवीगार ऱ्हायची. माझी काळी पडती. काय करायच्या गं त्या?"

मी तोंड उघडलं. आईनं अंगणात चार दिवस गवार वाळवली होती आणि चारही दिवस मी तिच्याशेजारी बसून गावातल्या चौकशा करत होते, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली. तिचे हात काय करतायत हे मी बघितलंच नव्हतं.

"ठाव न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "गौरीला आली की विचारीन म्हटलं होतं."