जपानहून आणलेली मोरी

गेल्या महिन्यात आमच्या घरातला बाथटब गेला. दोन माणसांनी आडवातिडवा करत तो जिन्यावरून खाली नेला. सोफ्यावर बसून सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या... मुक्काम लांबवलेला पाहुणा एकदाचा निघावा, तशा.

कॅनडातल्या कोक्विटलाममधली आमची समस्त मराठी मंडळी विचारत होती, जपानहून काय आणलंत? लोक पंखे आणतात, ग्रीन टीची चॉकलेटं आणतात. आम्ही मोरी आणली.

सासरे गेल्यावर सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आईला सांगलीहून इथे आणलं. पहिल्याच आठवड्यात त्या बादली-तांब्या घेऊन बाथरूमच्या फरशीवर बसल्या आणि मनसोक्त आंघोळ केली. खाली किचनमध्ये मी फोडणी घालत होते... छतातून पाणी थेट कढईत.

"आई, इथे बाथरूममध्ये पाणी सांडायचं नसतं," सुहास म्हणाला.

"मग काय सांडायचं असतं?"

प्रश्न बिनतोड होता. पण त्या दिवसापासून त्या बिचाऱ्या टबात उभ्या राहून, एका हाताने दांडा धरून शॉवर घेऊ लागल्या. मधूनच म्हणायच्या, "पारोसंच वाटतं गं." आम्ही हसायचो.

वर्षभराने फर्मान निघालं. "सुहास, माझं तिकीट काढ." कारण रोज नवीन. थंडी सोसत नाही, शेजारी बोलत नाहीत, देवाला फुलं मिळत नाहीत.

सांगलीच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहणार. मागे तिथे पडल्या होत्या, तेव्हा दुपारी कामवाली येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. सुहासची झोप उडाली. पण आईसमोर त्याचा आवाज फुटेल तर शपथ... काढलं तिकीट. एकेरी.

"जायच्या आधी जपान तरी बघ," एवढंच तो बोलू शकला. मग आम्ही तिघं मोठी शहरं टाळून उत्तरेकडे, यामागाताच्या डोंगरात गेलो.

तिथे एक देऊळ आहे, पार कड्यावर. सीडरच्या झाडांतून दगडी पायऱ्या वर वर जात राहतात. सासूबाईंनी खालूनच हात जोडले. "जेजुरी चढलेय मी. पण तेव्हा गुडघे माझे होते."

मुक्काम एका जुन्या रियोकानमध्ये होता. रियोकान म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीचं छोटं हॉटेल. चटयांची जमीन, कागदी सरकती दारं, रात्री खालीच गाद्या. "जमिनीवर झोपायला एवढं लांब आणलंस होय रे?" सुहासला टोमणा. जेवण मात्र आधी कळवल्याप्रमाणे शाकाहारी आलं, आणि पांढऱ्याशुभ्र भातावर त्यांनी पर्समधलं मेतकूट काढलं. मालकीणबाईंनी वास घेतला, चव घेतली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. आमच्या घरी मेतकुटाला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

खरी पंचाईत पुढे होती. खोलीत बाथरूम नाही. गरम पाण्याच्या झऱ्याचं सार्वजनिक स्नानगृह, बायकांचं वेगळं... आणि आत जायचं ते कपड्यांविना.

मी कोक्विटलामच्या महिला मंडळात 'आपल्या शरीराचा स्वीकार' या विषयावर भाषण ठोकलेली बाई. हातातला रुमालाएवढा टॉवेल कुठे पुरेल, याचा हिशोब करत दारातच अडले. त्यात बरोबर सासू!

"तुम्ही खोलीतच थांबा," मी त्यांना म्हटलं. खरं तर मलाच थांबायचं होतं.

त्यांनी नुसतं डोकावून पाहिलं. भिंतीशी बुटकी लाकडी स्टुलं, प्रत्येकापुढे छोटी बादली, गुडघ्याच्या उंचीवर नळ. फरशीवरून पाणी खुशाल वाहत कडेच्या नालीत चाललेलं.

"अगं, ही तर मोरी आहे!"

आणि मी काही बोलायच्या आत सहावारी साडीची व्यवस्थित घडी टोपलीत गेली. सासूबाई स्टुलावर जाऊन बसल्या. आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, खांद्यांवर, शेवटी डोक्यावर... "हर गंगे!"

शेजारी त्यांच्याच वयाच्या एक जपानी आजी होत्या. त्यांनी हातातलं फडकं दाखवून पाठीकडे खूण केली. सासूबाईंनी पाठ पुढे केली. मग तेच फडकं घेऊन सासूबाईंनी आजींची पाठ घासली. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघीही एकसारख्या बोलत होत्या.

मी कोपऱ्यात उभी. पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीसारखी.

"ए, बस इकडे. इथे कुणाला वेळ आहे तुझ्याकडे बघायला?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंचा हात माझ्या पाठीवरून पहिल्यांदाच फिरला. तोही घासायला.

नंतर चहा घेताना त्या म्हणाल्या, "आज आंघोळ झाली."

"म्हणजे? इतके दिवस?"

"इतके दिवस ओली होत होते."

"मग सांगायचं ना, आई!"

"काय सांगू? आंघोळीपायी कुणी देश सोडतं का? हसाल तुम्ही."

हसलोच असतो. वर्षभर हसतच होतो की...

परत आल्यावर कॉन्ट्रॅक्टर बोलावला. म्हणाला, "भाभीजी, टब निकाल दोगे तो घर की रीसेल व्हॅल्यू गिरेगी." मी म्हटलं, "भाईसाब, सासूमाँ की तो रीसेल व्हॅल्यू है ही नहीं, उनको रखनाही पडेगा." मागून सासूबाईंचं हसू ऐकू आलं.

आता टबाच्या जागी उतार दिलेली फरशी आहे, मधोमध जाळी आहे, गुडघ्याच्या उंचीवर नळ आहे. सूटकेसमधून आणलेलं लाकडी स्टूलही आहे. एकेरी तिकीट सासूबाईंनी स्वतःच बदलायला लावलं. दिवाळीला जाणार, संक्रांतीला परत.

काल सकाळी नव्या मोरीतली पहिली आंघोळ झाली. मी खाली फोडणी घालत होते. वर तांब्यावर तांब्या ओतल्याचा आवाज, मग "हर गंगे!"... आणि जुन्या धास्तीने मी कढईवर झाकण धरलं.

छत कोरडं होतं. जपानी आजी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. पण आमच्या घरचं माणूस तुमच्यामुळे घरी राहिलं.