खोट्या पेशंटांची यादी

आमचे साहेब गुजराती ख्रिस्ती. सोमवार ते शनिवार इथल्या समा भागातल्या ऑफिसात बसून हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतात आणि रविवारी पादरा तालुक्यातल्या गावांत प्रार्थना घ्यायला जातात. ते सॉफ्टवेअर हॉस्पिटलात नेऊन चालवून दाखवायचं काम माझं. "बघ हं, बाटवतील तुला," असं नात्यातल्या बायका म्हणायच्या. डोंबल! इतक्या वर्षांत त्यांनी मला येशूचं कॅलेंडरसुद्धा दिलेलं नाही.

आमच्या ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि कंपवात निघाला, तेव्हा मी फक्त साहेबांना सांगितलं, कारण रजा हवी होती. हे शाळेत चित्रकला शिकवतात. "कुणाला बोललीस तर बघ, वर्ग काढून घेतील माझे," असं ह्यांनी बजावलं होतं. सख्ख्या भावालाही पत्ता नव्हता.

मग एका हॉस्पिटलात डेमो ठरला. माझ्या मोठ्या जाऊबाई तिथेच केसपेपर काढायच्या काउंटरवर असतात, त्याही बघायला येऊन बसल्या. भिंतीवरच्या पडद्यावर मी पेशंटांची यादी उघडली. ही नावं खोटी असतात, नमुन्यादाखल भरलेली. त्यात चौथं नाव ह्यांचं! वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पुढे वय, सोसायटी आणि "कंपवात, उजवा हात". जाऊबाई सगळ्यांदेखत ओरडल्या, "अगंबाई, हे तर आपले भाऊजी!"

पार्किंगमध्ये मी साहेबांना असं झापलं की वॉचमन खुर्चीतून उठला. "माझ्या घरचं दुखणं भिंतीवर टांगलंत? लाज नाही वाटली?"

ते म्हणाले, रविवारी ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो त्यांचीच नावं त्यात भरली होती. दिवसभर सॉफ्टवेअर तपासताना एकेक माणूस डोळ्यांसमोर यावा म्हणून. डेमोच्या आधी यादी बदलायची, ती राहून गेली. "मारी भूल थई, बेन, चूक झाली माझी," एवढंच म्हणाले, पुढे "पण" लावला नाही. तरी माझा राग उतरेना. ह्यांच्यासाठी कुणीतरी देवाशी बोलतंय हे ऐकून मला रडू येत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले. जाऊबाईंचा फोन आधीच येऊन गेला होता. ह्यांच्यापुढे उभं राहून त्यांनी सगळं कबूल केलं. आता हे त्यांना हाकलून देणार, असं मी धरूनच चालले होते.

"नाव काढलंत?" ह्यांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरमधून काढलं. प्रार्थनेतून नाही. तुम्ही म्हणाल तर तिथूनही काढतो."

ह्यांनी त्यांना खुर्ची दाखवली.

"असू दे," म्हणाले. "उजवा हात लिहिलाय ना? आता डावाही लिहा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. डाव्या हाताचं मलाही तेव्हाच कळलं.